मझदा मिआटासाठी शॉर्ट शिफ्टर: निवड, पूर्वतपासणी आणि जोडणी

मझदाने फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात एमएक्स-५ मिआटा ही उघड्या टपाची दोन आसनी गाडी सादर केली. तिचे इंजिन पुढे आहे आणि चालना मागच्या चाकांना मिळते. गिअरबॉक्स गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेला असून त्याचा मागचा भाग चालकाच्या हाताजवळ येतो, त्यामुळे गिअरचा दांडा मधल्या केबल किंवा लांब सळ्यांच्या मध्यस्थीशिवाय थेट गिअरबॉक्सच्या पोटात उतरतो. या गाडीच्या गिअर बदलण्याचे जे कौतुक झाले, त्याचे मूळ या रचनेत आहे. दांड्याची हालचाल कारखान्यातूनच आखूड आणि नेमकी आलेली असताना तिला शॉर्ट शिफ्टर, म्हणजे नॉबचा प्रवास आणखी कमी करणारा बदली दांडा, बसवावा का, हा प्रश्न म्हणूनच रास्त आहे. माझे उत्तर असे आहे की बसवावा, पण माफक प्रमाणात आखूड करणारा, आणि तोही मूळ यंत्रणा आधी ठीकठाक करून घेतल्यावर.

हा लेख पहिल्या (१९८९ ते १९९७) आणि दुसऱ्या (१९९८ ते २००५) पिढीतील पाच गिअरच्या गाड्यांसाठी आहे. मझदाने ही गाडी भारतात अधिकृतपणे कधी विकली नाही. परंतु अमेरिकेत, ब्रिटनमध्ये किंवा जपानमध्ये राहणाऱ्या आणि घरच्या गॅरेजमध्ये स्वतः पाना हाती धरण्याची हौस असलेल्या मराठी वाचकाला ही जुनी गाडी सापडणे अवघड नाही. १९९९ च्या दहाव्या वर्धापनदिन आवृत्तीपासून काही गाड्यांत सहा गिअरचा गिअरबॉक्स आला. त्याचा दांडा मुळातच आखूड आणि थोडा जड चालतो. त्यावर शॉर्ट शिफ्टर बसवून हाती फारसे लागत नाही, असे माझे मत आहे.

तरफेचे गणित

गिअरचा दांडा ही शाळेत शिकलेली पहिल्या प्रकारची तरफ आहे. दांड्यावरचा गोळा हा टेकू, वरच्या टोकाला नॉबवर, म्हणजे हाताने धरायच्या मुठीवर, हाताचे बल आणि खालच्या टोकाला गिअर निवडणारी सळई. खालच्या टोकाने किती सरकायचे हे गिअरबॉक्स ठरवतो आणि ते अंतर आपल्याला बदलता येत नाही. आपल्या हाती असते ते फक्त टेकूच्या वरच्या आणि खालच्या भागांचे गुणोत्तर.

समजण्यासाठी सोपे आकडे घेऊ. वरचा भाग २०० मिलिमीटर आणि खालचा ४० मिलिमीटर असेल, तर गुणोत्तर ५ येते आणि खालचे टोक १० मिलिमीटर सरकवण्यासाठी नॉबला ५० मिलिमीटर प्रवास करावा लागतो. आता दांडा वरून कापून १६० मिलिमीटर केला, तर गुणोत्तर ४ होते आणि प्रवास ४० मिलिमीटरवर येतो. मात्र नॉब खाली जातो आणि हातही त्याच्यामागे खाली जातो. दुसरा मार्ग टेकू वर उचलण्याचा आहे. गोळा १० मिलिमीटर वर नेऊन नॉबची उंची तीच ठेवली, तर वरचा भाग १९०, खालचा ५० आणि गुणोत्तर ३.८ होते. नॉबचा प्रवास ३८ मिलिमीटर, म्हणजे २४ टक्के कमी. बाजारातील बहुतेक चांगले शॉर्ट शिफ्टर हा दुसरा मार्ग धरतात, आणि त्यासाठी गिअरबॉक्सच्या तोंडावर एक धातूची चकती, म्हणजे स्पेसर, बसवून गोळ्याची बैठक उंच करतात.

वाचलेल्या अंतराची किंमत बलात मोजावी लागते. वरच्या उदाहरणात प्रवास २४ टक्के घटला, पण तेच काम करण्यासाठी हाताला सुमारे ३२ टक्के जास्त जोर लावावा लागेल. प्रवास ४० टक्के कमी करणारा शिफ्टर घेतला तर जोर सुमारे ६७ टक्के वाढतो. जाहिरातीत पहिला आकडा ठळक छापलेला असतो आणि दुसरा सहसा नसतोच.

आणखी दोन परिणाम ध्यानात घ्यावे लागतात. दांड्याचा पुढे-मागे प्रवास जसा घटतो, तसा आडवा प्रवासही घटतो. पहिला-दुसरा, तिसरा-चौथा आणि पाचवा-रिव्हर्स या ओळी एकमेकींच्या जवळ येतात. जोरात पळवलेल्या गाडीत तिसऱ्यातून चौथा टाकताना हात चुकून दुसऱ्याच्या ओळीत गेला, तर क्लच सोडताक्षणी इंजिन त्याच्या मर्यादेपलीकडे फिरवले जाते आणि व्हॉल्व्ह वाकण्यापर्यंत नुकसान होऊ शकते. दुसरा परिणाम सिंक्रो रिंगांवर होतो. दोन गिअरचा वेग जुळवण्याचे काम या रिंगा घर्षणाने करतात आणि त्याला लागणारा क्षण दांडा आखूड केल्याने कमी होत नाही. मूळ लांब प्रवासात हा क्षण आपोआप मिळून जात असे. आखूड दांड्यावर घाईने जोर लावला तर तो झीज होऊन वसूल होतो.

विकत घेण्याआधी करायची तपासणी

तीस वर्षांच्या गाडीत दांडा ढिला लागतो याचा अर्थ तो लांब आहे असा नव्हे. बहुधा त्याच्या खालच्या टोकावरचा नायलॉनचा छोटा बुश, म्हणजे टोकावर चढवलेली बाही, झिजलेला किंवा तडकलेला असतो. हा बुश, गोळ्याखालची बैठक, दांड्याभोवतीचा छोटा आतला रबरी बूट (आवरण) आणि मोठा बाहेरचा बूट हे चारही भाग स्वस्त आहेत आणि आजही मिळतात. दांड्याच्या बैठकीत गिअरबॉक्सच्या मुख्य ऑइलपासून वेगळी अशी ऑइलची एक लहानशी कुंडी असते. तिच्यात साधारण ८० ते ९५ मिलिलिटर ऑइल लागते. गिअरबॉक्सचे ऑइल नियमित बदलणारेही ही कुंडी विसरतात, कारण ती खालच्या प्लगमधून रिकामी होत नाही. तिच्यातले ऑइल आटले की दांडा कोरडा, खरखरीत आणि बेभरवशाचा वाटू लागतो. कन्सोलमधून, म्हणजे दोन आसनांमधल्या प्लॅस्टिकच्या आवरणातून, पायाजवळ गरम हवा आणि गिअरबॉक्सची घरघर येत असेल, तर रबरी बूट फाटले आहेत हे गृहीत धरावे.

माझा सल्ला असा की हे भाग आणि ऑइल आधी बदलून मूळ दांड्यावरच गाडी थोडे दिवस चालवावी. अनेकांची शॉर्ट शिफ्टरची गरज इथेच संपते. ज्यांची संपत नाही, त्यांना निदान आपल्याला नेमके काय कमी करायचे आहे हे कळते.

क्लच तपासणे याहून महत्त्वाचे आहे. मिआटाचा क्लच हायड्रॉलिक आहे आणि गिअरबॉक्सवर बसलेला त्याचा स्लेव्ह सिलिंडर गळणे हे या गाडीचे नेहमीचे दुखणे आहे. सिलिंडरवरचे धूळरोधक रबर किंचित मागे सारून पाहावे. आत ओलावा दिसला तर तो सिलिंडर शेवटच्या घटका मोजतो आहे. इंजिन चालू असताना क्लच पूर्ण दाबून तीन-चार सेकंद थांबावे आणि मग सावकाश रिव्हर्स टाकून पाहावा. रिव्हर्सला सिंक्रो नसल्याने क्लच पूर्ण सुटत नसेल तर तो घासल्याचा आवाज हमखास येतो. असा क्लच असलेल्या गाडीत शॉर्ट शिफ्टर बसवणे म्हणजे दुखरी बाजू आणखी दाबणे, कारण वाढलेला प्रत्येक जोर थेट सिंक्रोवर पडतो. थंड गाडीत पहिल्या काही मिनिटांत दुसरा गिअर थोडा अडून पडणे मात्र या गिअरबॉक्सचा स्वभाव आहे. गरम झाल्यावरही तो खरडत असेल तरच सिंक्रोचा संशय घ्यावा.

शिफ्टर निवडताना

प्रवासातील घट १५ ते २५ टक्क्यांच्या दरम्यान असलेला शिफ्टर रोजच्या वापराला पुरेसा आहे. त्याहून आखूड दांडा शर्यतीच्या मैदानावर शोभतो, जिथे चालक हातमोजे घालून बसतो आणि गिअरबॉक्सची दुरुस्ती हा खर्चाचा ठरलेला भाग असतो.

घट कोणत्या मार्गाने साधली आहे हे विक्रेत्याला विचारावे. केवळ वरून आखूड केलेला दांडा स्वस्त असतो, परंतु नॉब खाली गेल्यामुळे काही चालकांचे कोपर अवघडते आणि दुसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये बोटे कन्सोलला लागू शकतात. टेकू उचलणाऱ्या किटमध्ये स्पेसर, लांब बोल्ट, गॅस्केट किंवा सीलंट आणि नव्या मापाचा खालचा बुश हे सर्व मिळते का, ते पाहावे. स्पेसरसोबत लांब बोल्ट दिलेले नसतील तर ते किट बाजूला ठेवावे, कारण जुने बोल्ट अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांत जेमतेम दोन-तीन वळसे धरतील आणि कधीतरी आटे घेऊन बाहेर येतील.

दांडा अखंड पोलादाचा आहे की त्यात रबराचा थर आहे, याने गाडीतला अनुभव खूप बदलतो. मूळ दांड्यातले रबर गिअरबॉक्सची कंपने हातापर्यंत येऊ देत नाही. अखंड दांडा गिअर बसल्याची जाणीव अगदी स्पष्ट देतो, पण सोबत इंजिनाच्या ठरावीक फेऱ्यांवर झणझणाट आणि गिअरची कुरकुरही केबिनमध्ये आणतो. महामार्गावर रोज तासभर गाडी चालवणाऱ्याने रबराचा थर असलेलाच घ्यावा. गोळा घोटीव आणि गोलाईत निर्दोष असावा. त्यावर कातकामाच्या रेषा बोटाला जाणवत असतील तर तो नायलॉनची बैठक काही महिन्यांत खाऊन टाकेल.

नॉब वेगळा घ्यायचा असल्यास मझदाच्या आट्यांचे माप १० मिलिमीटर व्यास आणि १.२५ मिलिमीटर अंतर असे आहे. जड नॉब हा दांडा आखूड न करता गिअर बदलणे हलके भासवण्याचा सोपा उपाय आहे: एकदा हलवलेले वजन स्वतःच्या गतीने सिंक्रोचा अडथळा ओलांडायला मदत करते. आखूड दांड्यावर वाढलेला जोर थोडा झाकण्यासाठीही तो उपयोगी पडतो. उन्हात उभ्या केलेल्या उघड्या गाडीत धातूचा नॉब हाताला चटका देतो, हे मात्र घेताना आठवावे.

साहित्य आणि तयारी

हे संपूर्ण काम केबिनमध्ये बसून होते आणि गाडीखाली जावे लागत नाही. ज्या गाड्यांत दांडा खालून सळ्यांनी जोडलेला असतो, तिथे सायलेन्सरची नळी, उष्णतारोधक पत्रा आणि कधी प्रोपेलर शाफ्टही सोडवावा लागतो. त्यांच्या तुलनेत मिआटाचे काम अर्ध्या दिवसाचे आहे.

फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, १० आणि १२ मिलिमीटरचे सॉकेट, लांब एक्स्टेन्शन, लहान मापाचा टॉर्क पाना (ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळू देणारा), नळी लावलेली मोठी सिरिंज, धागे न सुटणारे फडके, ब्रेक क्लीनर, थोडे ग्रीस आणि हातमोजे एवढे जवळ असावे. ऑइल ७५डब्ल्यू-९० मापाचे, जीएल-४ दर्जाचे घ्यावे. जीएल-५ दर्जाच्या अनेक ऑइलमध्ये जड दाब सोसण्यासाठी घातलेली गंधकयुक्त रसायने सिंक्रोच्या पितळी रिंगांना मानवत नाहीत. शिफ्टर कोणताही असो, आतला व बाहेरचा रबरी बूट आणि खालचा बुश नवेच आणून ठेवावेत. पुन्हा तेवढ्यासाठी सगळे उघडण्यात अर्थ नाही.

गाडी सपाट जागी उभी करावी, चाकांना अडसर लावावा, हँडब्रेक पूर्ण ओढावा आणि किल्ली काढून घ्यावी. लांबून चालवून आणलेली गाडी लगेच उघडू नये, कारण दांड्याच्या बोगद्याखालून सायलेन्सरची नळी जाते आणि तिथले अ‍ॅल्युमिनियम बराच वेळ तापलेले राहते.

उघडणे

दांडा न्यूट्रलमध्ये ठेवून नॉब डावीकडे फिरवून काढावा. नंतर कन्सोलचे स्क्रू काढावेत: पुढच्या बाजूला दोन्हीकडे, अ‍ॅशट्रेच्या खाली आणि मागच्या झाकणाच्या कप्प्यात. कन्सोल मागून आधी उचलून हँडब्रेकवरून सरकवावा. काचांची बटणे कन्सोलवर असलेल्या गाड्यांत त्यांच्या वायरचा जोड खालून सोडवल्याशिवाय तो पूर्ण निघत नाही. तो जोर लावून ओढला तर वायर तुटते, आणि जुने प्लॅस्टिकही ठिसूळ झालेले असते.

कन्सोलखाली मोठा रबरी बूट दिसेल. त्याचे चार बोल्ट काढून तो दांड्यावरून वर काढून घ्यावा. आता घाई करू नये. छोट्या बुटाभोवती वर्षानुवर्षांची धूळ, खडे आणि तेलकट मळ साचलेला असतो आणि पुढचे तीन बोल्ट सुटले की त्याचा मार्ग थेट गिअरबॉक्सकडे जातो. व्हॅक्यूम, ब्रश आणि ब्रेक क्लीनर मारलेले फडके वापरून ही जागा ताटासारखी स्वच्छ करावी आणि मगच पुढे जावे.

दांड्याच्या बैठकीचे तीन बोल्ट सारखे-सारखे थोडे सैल करत काढावेत. दांडा कोणत्या बाजूला तोंड करून बसला आहे, त्याचा बाक कोणीकडे आहे आणि चकत्यांचा क्रम काय आहे याचे फोनवर छायाचित्र घ्यावे. दांडा सरळ वर उचलावा. खालच्या टोकावरून ऑइल ठिबकेल, म्हणून फडके हाताशी असावे. लगेच खालचे टोक पाहावे. त्यावर नायलॉनचा बुश नसेल, तर तो किंवा त्याचे तुकडे कुंडीत राहिले आहेत आणि ते चिमट्याने बाहेर काढल्याशिवाय काहीही आत बसवू नये. नव्या बुशाखाली जुन्याचा तुकडा राहिला तर काही गिअर पूर्ण बसत नाहीत आणि दोष नव्या शिफ्टरला दिला जातो.

सिरिंजने जुने ऑइल ओढून घ्यावे. ते काळे आणि गाळकट असणे नेहमीचे आहे. बारीक चकाकी चालते, बोटाला टोचणारे धातूचे कण चालत नाहीत. कुंडी पुसून काढावी, पण तिच्यात क्लीनर फवारू नये. काम थांबवून उठायचे झाल्यास तोंडावर स्वच्छ फडके दाबून ठेवावे.

बसवणे

नवा दांडा टेबलावर तयार करावा. गोळ्याला आणि खालच्या टोकाला ग्रीसचा पातळ हात द्यावा, नवा बुश दाबून बसवावा आणि तो अडखळल्याशिवाय फिरतो का ते पाहावे. छोट्या बुटाचे तोंड अरुंद असते. ग्रीस लावून तो वरून सरकवावा. टोकदार अवजाराने ताणला तर तो तिथेच फाटतो आणि ते कळते महिन्याभराने. गोळ्याची बैठक, लहरी (नागमोडी आकाराचा) वॉशर आणि वरची चकती यांचा क्रम छायाचित्राशी पडताळावा. लहरी वॉशर विसरला तर दांडा वरखाली खेळतो.

जुना गॅस्केट किंवा सीलंट प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून दोन्ही पृष्ठभाग कोरडे करावेत. स्पेसर असेल तर त्याच्या खाली आणि वर, दोन्हीकडे सील लागते. सीलंटची रेघ बारीक असावी, कारण आतल्या बाजूला सांडलेला सीलंट सुटून ऑइलमध्ये फिरत राहतो. कुंडीत ऑइल भरून दांडा न्यूट्रलच्या स्थितीत सरळ खाली उतरवावा आणि खालचे टोक सळईच्या खोबणीत गेल्याची जाणीव हाताला होईपर्यंत हलकेच हलवावे. ती जाणीव न होता बोल्ट आवळून दांडा खाली खेचण्याचा प्रयत्न करू नये. तिन्ही बोल्ट आधी बोटांनी पूर्ण बसवावेत, मग आळीपाळीने थोडेथोडे आवळावेत आणि शेवटचा टॉर्क किटच्या पत्रकाप्रमाणे किंवा कारखान्याच्या दुरुस्ती पुस्तिकेप्रमाणे द्यावा. इथे लागणारा टॉर्क कमी असतो. चाकाच्या नटांची सवय असलेल्या मनगटाने अंदाजाने आवळू नये.

कन्सोल लावण्याआधी

इंजिन बंद ठेवून क्लच दाबून सर्व गिअर एकामागून एक टाकावेत. एखादा गिअर इंजिन बंद असताना दातांवर दात आल्यामुळे अडू शकतो. तेव्हा न्यूट्रलमध्ये क्लच सोडून, गाडी तसूभर पुढे-मागे ढकलून पुन्हा प्रयत्न करावा. प्रत्येक गिअरमध्ये दांडा शेवटपर्यंत गेल्यावर स्पष्ट थांबा जाणवला पाहिजे आणि तो थांबा गिअरबॉक्सच्या आतला असला पाहिजे. दांडा बोगद्याच्या कडेला, बुटाच्या पट्टीला किंवा स्पेसरला टेकून थांबत असेल, तर गिअर अर्धवट बसतो आणि रस्त्यावर निसटतो. हे तपासण्यासाठी दिवा लावून दांड्याभोवतीची फट सहाही स्थितींत डोळ्यांनी पाहावी. खालचे टोक जास्त लांब असल्यास ते कुंडीच्या तळाला घासते आणि दांडा एखाद्या ओळीत जड लागतो. अशा वेळी टोक घासून लहान करत बसण्यापेक्षा किट परत करणे शहाणपणाचे आहे.

पाचव्यातून थेट रिव्हर्समध्ये जाऊ न देणारा अटकाव नीट काम करतो का, हेही याच वेळी पाहावे. मग इंजिन चालू करून, ब्रेक दाबून, पहिला आणि रिव्हर्स टाकावा. सर्व बरोबर असेल तर मोठा बूट आणि कन्सोल परत बसवावा. काचांच्या बटणांचा जोड लावायचा राहिला की कन्सोल पुन्हा काढावा लागतो, तेव्हा तो आधी लावावा.

रस्त्यावर

पहिली फेरी रिकाम्या रस्त्यावर आणि शांतपणे करावी. चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबून एकदम सोडावा आणि पुन्हा दाबावा. तिसऱ्यात आणि दुसऱ्यातही हेच करावे. दांडा न्यूट्रलकडे ढकलला जात असेल किंवा निसटत असेल, तर गाडी परत आणून दांड्याची फट तपासावी. नव्या अंतराची सवय हाताला काही दिवसांत होते. तोपर्यंत तिसरा आणि चौथा गिअर टाकताना नॉब मुठीत आवळू नये. तळहाताने सरळ ढकलावा किंवा ओढावा, म्हणजे मधल्या ओळीकडे खेचणाऱ्या स्प्रिंगा दांडा योग्य जागी नेतात.

इंजिनाच्या ठरावीक फेऱ्यांवर दांडा झणझणत असेल तर नॉब नीट आवळला आहे का आणि कन्सोलची कडा दांड्याला लागते का हे आधी बघावे; शिफ्टरमधला दोष त्यानंतर शोधावा. दोनेक आठवड्यांनी मोठा बूट उचलून बैठकीभोवती ऑइलचा ओलावा आहे का ते पाहावे आणि तीन बोल्टांचा टॉर्क पुन्हा तपासावा.

ब्रिटनमध्ये गाडीत केलेला असा बदल विमा कंपनीला कळवावा लागतो. जपानमध्ये ठरावीक काळाने होणाऱ्या वाहन तपासणीत गिअरची आकृती दिसेल अशी असणे आवश्यक असते. कोरा गुळगुळीत नॉब लावलेल्यांनी आकृतीचे स्टिकर दांड्याजवळ चिकटवावे. मूळ दांडा ऑइल लावून, कागदात गुंडाळून ठेवून द्यावा, कारण जुन्या मिआटाचा पुढचा ग्राहक बहुधा तो मागतोच.